सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी जाताय? व्हिसाच्या पत्रातली एक ओळ नीट वाचा

कारंजाकर · ८ फेब्रुवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझी लहान बहीण गेल्या सप्टेंबरात लीड्सला एमएससी करायला गेली. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप तिला मिळाली. दरवर्षी देशभरातून १२५ जणांना मिळते ती. कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावात त्याआधी कुणी विमानात बसलेलं नव्हतं, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच पहिला प्रश्न होता. यंदा आपल्या भागातली काही पोरं तयारीला लागली आहेत, दोघांचे फोन येऊन गेले. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी पत्राचं सांगतो, कारण घोडं तिथंच अडतं. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला पैशाचा पुरावा लागतो. काही देशांच्या विद्यार्थ्यांना तो अर्जासोबत जोडावा लागत नाही. भारत त्या यादीत नाही, आपल्याला जोडावाच लागतो. ज्याचा खर्च त्याच्या देशाचं सरकार करतं, त्याला बँकेच्या कागदांऐवजी सरकारचं पत्र चालतं. त्या पत्रात काय हवं हे नियमात दिलं आहे. विद्यार्थ्याचं नाव, पैसे देणाऱ्याचं नाव आणि संपर्क, पत्राची तारीख, मदत किती काळासाठी, आणि शेवटी एक तर रक्कम किती ते, नाहीतर फी आणि राहण्याचा सगळा खर्च आम्ही करू असं वाक्य. या 'एक तर' आणि 'नाहीतर'मध्ये आमचा अख्खा उन्हाळा गेला.

बहिणीच्या पत्रात फी पूर्ण होती आणि राहण्याखाण्यासाठी रक्कम होती, वर्षाला ९,९०० पौंड. मला वाटलं, झालं, सरकारच पैसे देतंय तर आता कोण काय विचारणार. पण व्हिसा अधिकारी रक्कम दिसली की वजाबाकी करतो. तेव्हा लंडनबाहेर शिकणाऱ्याला महिन्याला १,१३६ पौंड दाखवावे लागत होते आणि जास्तीत जास्त नऊ महिने धरतात. म्हणजे १०,२२४. त्यातून ९,९०० गेले, उरले ३२४ पौंड. हे ३२४ आपण दाखवायचे. तेव्हाच्या भावानं ३८ हजारांच्या आसपास. एवढ्या शिष्यवृत्तीपुढं रक्कम किरकोळ वाटते, पण तेवढ्यावरून अर्ज नाकारता येतो.

यंदा जाणाऱ्यांनो, आकडा वाढला आहे. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिना १,१७१ आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड. पत्रात ९,९०० च असतील तर लंडनबाहेर ६३९ पौंड कमी पडतात. लंडनमध्ये ३,८६१. लंडनचं विद्यापीठ निवडताना हे डोक्यात ठेवा, कारण हे साडेचार लाखांहून जास्त रुपये होतात आणि ते आधी खात्यात पडून राहावे लागतात.

आता खात्याचं. शहरातल्या एका एजंटानं सांगितलं, भावाच्या खात्यात पैसे असले तरी चालतात. माझ्या खात्यात कापसाचे पैसे होते, मी निर्धास्त. सुदैवानं बहिणीनं स्वतः नियम उघडून वाचले. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात हवेत, नाहीतर आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकांच्या, किंवा नवऱ्या-बायकोच्या. भाऊ त्यात कुठंच नाही. काका, मामा, आजोबाही नाहीत. तिचं स्वतःचं खातं केवायसीअभावी बंद पडलं होतं, म्हणून ८ जूनला बाबांच्या खात्यात ५० हजार टाकले. ३८ लागणार, बारा हजार हातचे राखले. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, त्यामुळे थोडे जास्तच ठेवावेत.

नियम असा की सलग २८ दिवस शिल्लक त्या रकमेच्या खाली एक दिवसही जाता कामा नये. आणि त्या २८ दिवसांतला शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत हवा.

२६ जूनला, एकोणिसाव्या दिवशी, पाऊस पडला. बाबांनी बँकेतून १५ हजार काढले. सोयाबीनच्या तीन बॅगा, दोन पोते डीएपी, बाकी ट्रॅक्टरवाल्याचे. शिल्लक राहिली ३५ हजार. पेरणीच्या दिवशी शेतकरी खात्यातले पैसे काढणार नाही तर काय करणार? त्यांना मी '२८ दिवस हात लावू नका' असं म्हटलं होतं, पण का ते समजावून सांगितलं नव्हतं. ५ जुलैला बहीण पासबुक भरून घेऊन आली, ओसरीवर बसली आणि बोटानं एकेक ओळ खाली सरकवत गेली. २६ जूनच्या ओळीवर बोट थांबलं. ती काही बोलली नाही. बाबांनी विचारलं, "काय झालं बाई?" तर म्हणाली, "काही नाही, पुन्हा मोजू."

६ जुलैला पैसे भरले आणि पहिल्यापासून मोजलं. २ ऑगस्टला २८ दिवस भरले, ४ ऑगस्टला अर्ज केला, ८ ला मुंबईत बोटांचे ठसे दिले, २६ ऑगस्टला व्हिसा आला. अभ्यासक्रम २२ सप्टेंबरला सुरू होणार होता. निभावलं. पण ते आठ आठवडे घरात कुणाला नीट झोप नव्हती.

बाकीचं पुढच्या पोस्टीत लिहितो, सकाळी जिनिंगवर गाडी न्यायची आहे.

---

लोणारची_लेक · ८ फेब्रुवारी, रात्री १०.१५

दादा, वाचताना पोटात गोळा आला. एक शंका आहे. या शिष्यवृत्तीत पुस्तकं आणि इतर खर्चासाठी वर्षाला १,११६ पौंड वेगळे मिळतात ना? ते धरले तर ११ हजारांच्या वर जातं, मग कमी कुठं पडतं?

---

मास्तर_मूर्तिजापूर · ९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

कारंजाकर, छान केलंत. पासबुकाची गोष्ट मी आज वर्गात सांगणार आहे. मुलांना नियम सांगितला की विसरतात, पेरणीचं सांगितलं की लक्षात राहतं.

---

पांढरकवडा_पोरगा · ९ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

भाऊ, लय कामाचं सांगतलं. माह्या पुतण्याचं यंदा हाय. पण एक सांगू का, येवढी कटकट करासाठी वेळ कोणाजोळ हाय? पत्राची पीडीएफ येते. त्यात रकमेच्या जागी 'सर्व खर्च' असं टाइप करून घेतलं तर काऊन नाई जमणार? तसे कागद करून देणारे हायेत म्हणते.

---

कारंजाकर · ९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

पांढरकवडा_पोरगा, हात जोडून सांगतो, पुतण्याला या वाटेनं जाऊ देऊ नका. पत्र खरं आहे का हे ते पाठवणाऱ्याकडून तपासून घेऊ शकतात, त्यासाठीच तर संपर्क मागतात. खोटा कागद सापडला की नुसता तो अर्ज नाकारत नाहीत, दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचं दार बंद होऊ शकतं. पुढं दुसऱ्या कुठल्या देशाच्या फॉर्मवर 'आधी व्हिसा नाकारला होता का' हा प्रश्न येतो, तिथंही हो लिहावं लागतं. पोराची इतक्या वर्षांची मेहनत पाऊण लाखासाठी घालवू नका. ६३९ पौंड म्हणजे तेवढेच होतात. पैशाची अडचण असेल तर मला मेसेज करा, २८ दिवसांसाठी काहीतरी करू. रक्कम त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या खात्यात टाकायची आणि नंतर परत घ्यायची.

लोणारची_लेक, तुमचा प्रश्न बरोबर आहे. आम्हीही त्यावर दोन दिवस घातले. ती रक्कम पुस्तकं, साहित्य, अभ्यासाचा प्रवास यासाठी आहे असं पत्रातच लिहिलेलं असतं, राहण्याखाण्यासाठी नाही. अधिकारी ती मोजेल या भरवशावर राहायला मन धजलं नाही.

आता राहिलेलं लिहितो.

वडिलांच्या खात्यातले पैसे दाखवले की हे वडीलच आहेत याचा पुरावा लागतो, आणि पैसे वापरायला त्यांची परवानगी असल्याचं सहीचं पत्र. पुराव्याला जन्मदाखला. बहिणीचा दाखला काढला तर नावाचा रकाना कोरा! १९९९-२००० च्या सुमाराला आमच्याकडं बाळाची नोंद व्हायची ती 'स्त्री', आईचं नाव, बापाचं नाव, एवढीच. बारसं नंतर, आणि नाव नोंदवायला परत कोण जातं. ग्रामपंचायतीत शाळा सोडल्याचा दाखला दाखवून नाव चढवून घेतलं. आता दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत मिळतो, जुना नुसता मराठी असेल तर अधिकृत भाषांतर जोडावं लागतं. तुमच्या घरात कुणी बारावीत असेल तर आजच दाखला काढून बघा, खरंच सांगतो.

नावाचंही तसंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळी रचना. विद्यापीठ जो प्रवेशाचा क्रमांक पाठवतं, त्याला सगळे कॅस म्हणतात, त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरानं अक्षर जुळायला हवं. शिष्यवृत्तीच्या पत्रावरही तेच. म्हणून शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतानाच पासपोर्ट समोर ठेवा. पासपोर्ट नसेल तर नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाचं काम सगळ्यात आधी उरका.

विद्यापीठं कॅस देण्याआधी अनामत मागतात. बरीच विद्यापीठं सरकारी पत्र दाखवलं की अनामत सोडून देतात. त्यासाठी प्रवेश विभागाला स्वतःहून ईमेल करावा लागतो. बहिणीनं केला, चार दिवसांत उत्तर आलं.

क्षयरोगाची तपासणी भारतातून जाणाऱ्याला लागते, सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर. ती त्यांच्या यादीतल्या दवाखान्यातच करायची, दुसरीकडचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. आम्ही अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला गेलो आणि आलो, मग बोटांच्या ठशांसाठी पुन्हा तसंच. तारखा जुळवल्या असत्या तर एक फेरी वाचली असती.

आणि खर्च. गेल्या वर्षी व्हिसाचं शुल्क ५२४ पौंड होतं. त्याशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६. वर्षभराच्या अभ्यासक्रमाला व्हिसा वर चार महिने जास्त मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, १,१६४. सगळे मिळून १,६८८ पौंड, दोन लाखांच्या घरात, आणि ते अर्ज करतानाच कार्डानं भरायचे. आईच्या गळ्यातली पोत गहाण ठेवली तेव्हा जमलं. हे पैसे वडिलांच्या त्याच खात्यातून भरू नका, दुसऱ्या खात्यातून भरा, म्हणजे स्टेटमेंट स्वच्छ राहतं.

पासपोर्टवर आता शिक्का किंवा स्टिकर येत नाही. जुलै २०२५ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना ई-व्हिसाच मिळतो, सगळं ऑनलाइन. बाबा पासपोर्टची पानं उलटून उलटून व्हिसा शोधत होते.

---

वर्धाकाठ · ९ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

आमच्याकडं पैसे गावातल्या पतसंस्थेत आहेत. एफडी आहे दीड लाखाची. ती दाखवली तर?

---

कारंजाकर · ९ फेब्रुवारी, सायंकाळी ७.००

वर्धाकाठ, पतसंस्थेचा कागद नका देऊ. बँक देखरेखीखालची हवी, नोंदी संगणकावर हव्यात आणि त्यांना तिथून खात्री करून घेता आली पाहिजे. पतसंस्था सहकार निबंधकाकडं नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेकडं नाही. पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं वळवा आणि तिथून पुढं २८ दिवस मोजा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर बँकेचं मंजुरीपत्र चालतं, त्याला २८ दिवसांची अट नाही.

---

झाडीपट्टी · ९ फेब्रुवारी, रात्री ११.१०

मी गडचिरोलीकडचा, सध्या अमेरिकेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. कारंजाकरांनी ब्रिटनचं लिहिलं, मी इकडचं लिहितो, कारण इकडं सरकारी पैशाची गाठ वेगळ्या ठिकाणी पडते.

अमेरिकेत शिकायला दोन मुख्य व्हिसे आहेत, एफ-१ हा विद्यार्थ्यांचा आणि जे-१ हा देवाणघेवाण कार्यक्रमाचा. बहुतेक विद्यार्थी एफ-१ वर येतात. विद्यापीठ आय-२० नावाचा प्रवेशाचा फॉर्म देतं, त्यावर पैसे कुठून किती येणार ते छापलेलं असतं, आणि मुंबईच्या मुलाखतीत सरकारी पत्र त्याच्याशी जुळवून बघतात. नॅशनल ओव्हरसीजमध्ये अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर राहण्याचे मिळतात. बऱ्याच शहरांत विद्यापीठाचा अंदाज त्याहून जास्त असतो. फरक कुठून आणणार हे आय-२० साठीच दाखवावं लागतं, मुलाखतीची वाट बघत बसू नका. सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं शुल्क एफ-१ ला ३५० डॉलर, जे-१ ला २२०. व्हिसा अर्जाचं मूळ शुल्क १८५.

खरी गोष्ट जे-१ ची. तुमच्या शिक्षणाला अमेरिकी सरकारचा किंवा आपल्या सरकारचा पैसा लागला असेल, थोडा का होईना, आणि तुम्ही जे-१ वर असाल, तर कोर्स संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते. ती पुरी केल्याशिवाय नोकरीचा एच-१बी व्हिसा मिळत नाही, कंपनीतल्या बदलीचा एल मिळत नाही, कायम राहण्याचं ग्रीन कार्ड मिळत नाही. ही दोन वर्षं प्रत्यक्ष भारतात काढलेले दिवस मोजून धरतात. एफ-१ वाल्याला हा नियम नाही. म्हणून विद्यापीठ 'जे-१ घ्या, सोपं पडेल' म्हणालं तर सही करण्याआधी थांबा. माझ्याबरोबर आलेल्या एकानं पटकन हो म्हटलं आणि त्याला हे दुसऱ्या वर्षी कळलं. त्याला परतच जायचं होतं, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. पण निवड करून जाणं वेगळं आणि नंतर कळणं वेगळं.

अटीतून सूट मागता येते. त्यासाठी आपल्या सरकारनं हरकत नाही असं सांगावं लागतं. त्याआधी भारतात परतण्याचं बंधन नसल्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याला नोरी म्हणतात. मुंबईला मंत्रालयात गृह विभाग, पासपोर्ट कार्यालय आणि दिल्लीत शिक्षण मंत्रालय, तिन्हीकडून ना-हरकत जमवावी लागते. गडचिरोलीहून ही पायपीट आईवडिलांना करावी लागते, हे लक्षात घ्या.

---

मास्तर_मूर्तिजापूर · १० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

झाडीपट्टी यांचं वाचून मनात आलं ते लिहितो. पैसे देणाऱ्या सरकारचा विद्यार्थ्यावर हक्क राहतो, ही काही आजची गोष्ट नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. लंडनला अभ्यास अर्ध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. बडोद्यात नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना, काय अपमान सोसावा लागला ते आपण सगळे जाणतो. लंडनचा अभ्यास पुरा करायला १९२० मध्ये पुन्हा गेले, तोवर स्वतः पैसे जमवले.

शिष्यवृत्तीच्या बाँडवर सही करताना आमची मुलं शेवटचं पान उघडतात, सही करतात आणि फोटो काढतात. घरातल्या दोन माणसांनी तो बाँड मोठ्यानं वाचावा असं मी प्रत्येक पालकाला सांगतो.

---

नदीपल्याड · १० फेब्रुवारी, दुपारी १२.४०

मी ऑस्ट्रेलियात शिकून आले, आता चंद्रपूर जिल्ह्यात आहे. तिकडंही तसंच आहे. सरकारी खर्चानं आलेल्या विद्यार्थ्याच्या सबक्लास ५०० या स्टुडंट व्हिसावर ८५३५ क्रमांकाची अट लावतात. म्हणजे ज्या सरकारनं पाठवलं त्याची संमती असल्याशिवाय तिथं राहून दुसरा मोठा व्हिसा मिळत नाही, मोजके अपवाद सोडले तर. पुढं शिकायचं म्हटलं तरी पाठिंब्याचं पत्र लागतं. मैत्रिणी कोर्स संपल्यावर कामाच्या व्हिसाचे अर्ज भरत होत्या, तेव्हा मी माझ्या व्हिसाचं पत्र पहिल्यांदा पूर्ण वाचलं. आणि शुल्क बघून ठेवा, जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झालं आहे.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी एक ओळ. तिथं ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकवावे लागतात, पण पुरेशा रकमेचं शिष्यवृत्तीपत्र असेल तर त्याऐवजी ते चालतं. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या पदव्या-गुणपत्रिका खऱ्या असल्याचा तपासणीचा दाखला, मात्र भारतातून जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना लागतो.

---

वाशीमची_सून · १० फेब्रुवारी, रात्री ८.३०

कारंजाकर दादा, माझ्या नवऱ्याची शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे, ब्रिटन, एक वर्षाचं एमए. आमची मुलगी तीन वर्षांची आहे. ज्यांना विचारलं ते सगळे म्हणतात, आता मास्टर्सवाल्यांना बायको-मुलं नेता येत नाहीत, २०२४ पासून बंद झालं. सासरीही तेच ठरवून टाकलंय की मी इथंच राहायचं. खरं आहे का हे?

---

कारंजाकर · १० फेब्रुवारी, रात्री ९.५५

ताई, बरं झालं विचारलंत. १ जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला कुटुंब नेणं बंद झालं हे खरं आहे. पण दोन दारं उघडी ठेवली आहेत. एक पीएचडी आणि संशोधनाच्या पदव्यांचं. दुसरं सरकारी शिष्यवृत्तीवर सहा महिन्यांपेक्षा मोठा कोर्स करणाऱ्यांचं. तुमचे मालक दुसऱ्यात बसतात. हे बहुतेक एजंटांना माहीत नसतं, कारण त्यांच्याकडं येणारी पोरं स्वखर्चानं जाणारी असतात.

फक्त खर्चाचं गणित आधी करा. तुमचा आणि मुलीचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळं, आरोग्य अधिभार वेगळा, आणि तुम्हा दोघींसाठी महिन्याची रक्कम वेगळी दाखवावी लागते. शिष्यवृत्तीत कुटुंबाचा खर्च येत नाही. विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला आताच काढून घ्या.

---

वाशीमची_सून · १० फेब्रुवारी, रात्री १०.०५

दादा, काय बोलू. उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जाते.

---

लोणारची_लेक · ११ फेब्रुवारी, सकाळी ८.००

दादा, झाडीपट्टी आणि नदीपल्याड यांनी संमतीचं लिहिलं. ब्रिटनला असं काही नाही ना? तुमच्या ताई पुढं तिथं थांबणार आहेत का?

---

कारंजाकर · ११ फेब्रुवारी, रात्री ९.२०

आहे. आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं, आधीच लिहायला हवं होतं.

ब्रिटनमध्ये कोर्स संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, नोकरी शोधायला. पण गेल्या बारा महिन्यांत फी आणि राहणं दोन्ही सरकारच्या किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेच्या पैशानं झालं असेल, तर त्या सरकारची लेखी संमती अर्जाला जोडावी लागते. पुन्हा स्टुडंट व्हिसा घ्यायचा तरी तेच. संमती नसेल तर अर्ज तपासायलाही घेत नाहीत. जाताना आम्ही पत्रातल्या आकड्यासाठी एवढे धावलो, पण या दुसऱ्या पत्राचं नाव कुणी काढलं नव्हतं. बहिणीला ते नोव्हेंबरात विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागार बाईंकडून कळलं.

तारखा बघा. १ जानेवारी २०२७ पासून जे ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज करतील त्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्ष मिळणार आहे, पीएचडीवाल्यांना पूर्वीसारखी तीन. बहिणीचा कोर्स सप्टेंबरात संपेल, निकाल त्यानंतर. विद्यापीठानं कोर्स पुरा झाल्याचं कळवल्यावरच अर्ज करता येतो. म्हणजे तिच्या हातात नोव्हेंबर-डिसेंबर एवढेच दिवस आहेत. संमतीचं पत्र त्याआधी पोचलं तर दोन वर्षं, नाही पोचलं तर सहा महिने गेले. स्टुडंट व्हिसाही जानेवारीतच संपतो.

थांबायचं की परत यायचं हे तिचं अजून ठरलेलं नाही. ती सार्वजनिक आरोग्य शिकतेय. परवा फोनवर म्हणाली, इथल्या एका रुग्णालयात दोन वर्षं काम केलं तर जे शिकेन ते वर्गात शिकवत नाहीत, आणि मग मेळघाटात नाहीतर आपल्याच जिल्ह्यात येऊन काम करीन. बाबा म्हणाले, "सरकारनं पाठवलं, तर सरकारला विचारून थांब. न विचारता नको." त्यांना नियम माहीत नाही, पण बोलले ते नियमातलंच.

तिनं बाँड पुन्हा वाचला आणि संमतीचा अर्ज आताच लिहायला घेतला आहे. त्यात कोर्स कधी संपणार, किती काळ थांबायचं, कशासाठी आणि परत येऊन काय करणार, हे सगळं स्पष्ट लिहिलं आहे. मसुदा माझ्याकडं आला की नाव-गाव काढून इथं टाकतो, कुणाला उपयोग होईल.

---

झाडीपट्टी · ११ फेब्रुवारी, रात्री १०.४५

मसुदा नक्की टाका. आणि ताईंना सांगा, प्रत्येक ईमेलची प्रत आणि पोच पावती जपून ठेवायची, स्मरणपत्र पाठवलं की मागच्या पत्राची तारीख त्यात घालायची. आमच्याकडं एकाचं काम निव्वळ तारखांच्या फाइलमुळं मार्गी लागलं.

---

पांढरकवडा_पोरगा · १२ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

कारंजाकर भाऊ, परवा जे लिवलं ते चुकलं माहं. पुतण्याच्या बापाले बशीवलं अन् पुरा धागा वाचून दाखवला. कापसाचे पैसे पोराच्या नावानं बँकेत टाकासाठी तयार झाले. पेरणीचे पैसे वेगळे ठेवणार हायेत, घरात. एवढं सांगा, पोराचा अर्ज ऑगस्टात असन तर पैसे कवा टाकाचे?

---

कारंजाकर · १२ फेब्रुवारी, दुपारी २.१०

लय बरं वाटलं भाऊ. मे महिन्यातच टाका, म्हणजे पेरणीच्या धांदलीत विसरायला नको. खातं पोराच्या नावाचं असलं म्हणजे जन्मदाखल्याची आणि वडिलांच्या पत्राची कटकटही वाचते. लंडनबाहेर असेल तर ६३९ पौंडांचे रुपये काढा आणि वर दहा हजार जास्त ठेवा. मेसेजचे पैसे आणि कार्डाचं वार्षिक शुल्क बँक न सांगता कापते, ते त्या दहा हजारांतून जाईल. स्टेटमेंट मात्र अर्ज करायच्या आठवड्यातच काढा, जुनं चालत नाही. मग त्या दिवसापासून मागं २८ दिवस बोटानं मोजा. एकेक ओळ.